वेफर्स नरम का पडतात

बऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यात हिरामण महाजनांचं केळीच्या वेफर्सचं दुकान आहे, हे सगळ्या राजपुऱ्याला माहीत होतं आणि हिरामण आप्पांचं दुःख नेमकं तेच होतं. राजपुऱ्याबाहेर ते कोणालाच माहीत नव्हतं. माल चांगला होता. नदीपलीकडे जैनाबादला त्यांची शेड होती, तिथे मुलगा चंदन कढया सांभाळायचा. केळी खकनारकडच्या बागांतून यायची. पण तापी ओलांडून आलेला माल राजपुऱ्यात उतरायचा आणि राजपुऱ्यातच संपायचा. त्यात बाजारातल्या यादव सेठने वेबसाईट काढली. यादवचे वेफर्स खाल्ले की टाळू सोलून निघते, असं आप्पा कित्येक वर्षं येईल त्याला सांगत आले होते. पण वेबसाईट म्हणजे वेबसाईट. आप्पांना घास गोड लागेना.

मग निलेश आला. निलेश इंदूरला राहून ‘डिजिटल’ शिकला होता. नेमकं काय शिकला हे त्याच्या घरच्यांनाही सांगता यायचं नाही, म्हणून ते नुसतं ‘डिजिटलमध्ये आहे’ म्हणायचे आणि ऐकणारा आदराने मान हलवायचा. त्याने दुकानात बसून आधी बशीभर वेफर्स संपवले, मग लॅपटॉप उघडला.

“अंकल, आजकल दुकान रोडवर नसतं. गूगलवर असतं,” तो म्हणाला. “अपन हर हफ्ते एक आर्टिकल टाकू. मतलब, कंटेंट. कंटेंट पडला ना, की कस्टमर अपने आप येतो.”

“आर्टिकल कशावर?” आप्पांनी विचारलं.

“तुमच्यावर!”

एवढ्यावर व्यवहार ठरला. माणूस हुशार आहे, अशी आप्पांची खात्रीच पटली.

पहिल्या लेखाचं नाव होतं ‘हिरामण महाजन : एक माणूस, एक वेफर, एक वादळ’. सोबत केळीच्या बागेत हाताची घडी घालून उभ्या असलेल्या आप्पांचा फोटो. बाग खकनारच्या एका बागाईतदाराची होती, गॉगल निलेशचा होता. लेख छापायच्या आधी शुद्धलेखन बघायला सुनेकडे, म्हणजे तृप्तीकडे आला.

तृप्ती नेपानगरची. तिचे वडील वर्ध्याकडून कागद कारखान्यात नोकरीला आले आणि तिथलेच झाले. एम. ए. केलेली, लग्नाआधी शाळेत शिकवणारी ही सून घरात आली तेव्हा आप्पांनी सगळ्या समाजात सांगितलं होतं की आमची सून शिकलेली आहे. त्या शिक्षणाचा घराला उपयोगही पुष्कळ होत होता. लग्नपत्रिकेतली नावं तपासणे, गॅसवाल्याला फोन लावणे आणि सासूबाई कमलबाईंच्या औषधांच्या पट्टीवरचं बारीक वाचून दाखवणे. आता त्यात लेख तपासण्याची भर पडली.

तिने वाचायला घेतलं. ‘तापीच्या काठी उन्हाळ्यात कडक ऊन पडते, तेव्हा बऱ्हाणपूरचे सर्वोत्तम केळी वेफर्स खावेसे वाटतात. हिवाळ्यात थंडी पडते, तेव्हाही बऱ्हाणपूरचे सर्वोत्तम केळी वेफर्स खावेसे वाटतात. अशा या बऱ्हाणपूरच्या सर्वोत्तम केळी वेफर्सचे जनक...’

“निलेशभाऊ, हे एकच वाक्य किती वेळा?” तिने विचारलं.

“भाभी, ते कीवर्ड आहे,” निलेश समजूतदारपणे हसला. “माणसासाठी नसतं ते. गूगलसाठी असतं.”

“मग वेफर्सही गूगलच घेणार का?”

निलेश मोबाईलमध्ये बघू लागला आणि आप्पांना प्रश्न आवडला नव्हता. तृप्तीने ‘सर्वोत्तम’मधला तुटलेला त जोडला, ऱ्हस्व-दीर्घ नीट केलं आणि लॅपटॉप परत दिला.

लेख झळकला. आप्पा दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तो वाचून दाखवू लागले. पाव किलो वेफर्स घ्यायला आलेला माणूस आप्पांचं बालपण, आप्पांचा संघर्ष आणि आप्पांची दूरदृष्टी ऐकूनच सुटायचा. काही जुनी गिऱ्हाइकं गल्ली बदलून जाऊ लागली. निलेश दर आठवड्याला एक रंगीत तक्ता आणायचा. त्यात हिरव्या रेघा वर वर जात असत. “रीच बघा अंकल, रीच!” रीच कुठवर गेली ते कळायला मार्ग नव्हता, पण ऑर्डर एकच आली. ती आप्पांच्या साडूंची निघाली. ते पुढच्या रविवारी स्वतः येऊन पार्सल घेऊन गेले आणि जेवूनही गेले.

आप्पांवरचं साहित्य चार-पाच लेखांत संपलं. आयुष्य मोठं असलं तरी त्यात घडलेलं काही फार नव्हतं. मग निलेश वेफर्सकडे वळला. आता तो स्वतः लिहीतही नव्हता. मोबाईलला विषय सांगायचा, मोबाईल लिहून द्यायचा. शुद्धलेखनाला द्यायचीही गरज उरली नाही, कारण मशीनचं शुद्धलेखन तृप्तीपेक्षा चांगलं होतं. चुकत होतं ते फक्त बाकीचं.

एके दिवशी दुपारी दुकानासमोर मोटारसायकल थांबली. खकनारहून एक मास्तर आले होते. सभ्य, इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर रुमाल. तृप्ती आप्पांचा डबा घेऊन आलेली, आत पोत्यापाशी बसली होती. मास्तरांनी खिशातून मोबाईल काढला.

“हा लेख तुमचाच ना, शेठ?”

“आमचाच!” आप्पा खुलले. वाचून दाखवायला त्यांनी चष्माही चढवला.

“यात लिहिलंय, केळीत पोटॅशियम असतं, त्यामुळे रोज मूठभर वेफर्स खाल्ल्याने केसगळती थांबते आणि टकलावर लव येते.” मास्तरांनी रुमाल काढला. डोकं धुतलेल्या परातीसारखं लखलखीत होतं. “आमचा किराणावाला इथे माल भरायला येतो, त्याच्याकडून तुमचीच पाकिटं मागवून खातोय. रोज. मूठभर काय, दोन मुठी. लव येणं राहू द्या, पोट बिघडलं.”

आप्पांनी सवयीने डोक्यावरून हात फिरवला. आप्पांच्या डोक्यावरही कानांमागची झालर सोडली तर काही शिल्लक नव्हतं. मास्तरांची नजर त्या हाताबरोबर वर गेली आणि तिथेच थांबली.

“शेठ,” ते अगदी हळू म्हणाले, “तुम्ही स्वतः नाही का खात?”

दुकानात उभी असलेली दोन गिऱ्हाइकं खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेली. तृप्तीने डब्याचं झाकण उगाच उघडून बंद केलं. आप्पांनी मास्तरांना पाणी दिलं, चहा दिला, न मागता एक पाकीटही दिलं. मास्तरांनी ते पाकीट हात जोडून परत केलं.

संध्याकाळी निलेशला बोलावणं गेलं. “अंकल, मैंने नहीं लिखा, एआयने लिहिलं,” तो म्हणाला. तक्त्यातल्या हिरव्या रेघा मात्र त्याच्याच कर्तबगारीने चढत होत्या. आप्पांनी त्याला दारापर्यंत सोडलंही नाही. लेख खाली उतरला, निलेश गेला, आणि वेबसाईट रिकाम्या खाटेसारखी पडून राहिली. यादवची मात्र भरलेली होती, त्यामुळे आप्पांनी जेवताना तृप्तीकडे न बघता सांगितलं, “तोपर्यंत तू काहीतरी टाकत जा, बेटा. दुसरा माणूस मिळेपर्यंत.”

“काय टाकू?”

“काहीही. लोकांना वाटलं पाहिजे की इथे कोणी आहे.”

तृप्तीने ते ‘काहीही’ फार मनावर घेतलं. दुपारचा डबा पोचवल्यावर ती तासभर दुकानातच थांबू लागली आणि गिऱ्हाइकं काय बोलतात ते ऐकू लागली. आप्पांच्या दूरदृष्टीबद्दल एकानेही विचारलं नाही. बाया मात्र पाकीट हातात घेऊन हमखास एकच म्हणायच्या, “आमचे घरी केलेले असे कुरकुरीत का नाही राहत हो? दुसऱ्या दिवशी नरम पडतात.” आप्पा त्यावर फक्त गूढ हसायचे.

तिने ते चंदनला विचारलं. चंदन घरात आप्पांसमोर तोंड उघडायचा तो जेवायलाच. पण कढईवर विषय आला की त्याला वाचा फुटायची.

“पिकायला लागलेली केळी घेतात लोक,” तो म्हणाला. “केळीत गोडी उतरली की वेफर काळा पडणारच. अगदी हिरवी, कडक पाहिजेत. मग कापून परातीत पसरत बसतात. कापायचं ते सरळ तेलावरच. आणि मीठ वरून टाकतात, ते खाली बसतं. हळद-मिठाचं पाणी तेलातच शिंपडायचं, अर्धवट तळले की. जरा लांब उभं राहून. तडतड थांबली की काढायचे.”

“आणि नरम का पडतात?”

“गरम गरम डब्यात भरतात ना! वाफ कुठे जाईल मग? पार थंड होऊ द्यायचे.”

तृप्तीने घरी करून बघितले. पहिला घाणा काळा झाला, दुसऱ्याला तेल मनगटावर उडालं. सासूबाईंनी थेंबाच्या फोडावर कोरफड लावता लावता विचारलं, “दुकान घरचं असताना तुला काय हौस आली गं?” त्यांनी स्वतः उभ्या जन्मात वेफर तळला नव्हता. तिसरा घाणा जमला. मग तिने लेख लिहिला : ‘घरी केलेले केळीचे वेफर्स नरम का पडतात?’ सगळं लिहिलं. काळा घाणा लिहिला, फोड लिहिला, पाणी शिंपडताना मुलांना स्वयंपाकघराबाहेर काढा हेही लिहिलं. शेवटी एकच ओळ : ‘तरीही अडलं, तर फोन करा,’ आणि दुकानाचा नंबर. ‘सर्वोत्तम’ हा शब्द तिने एकदाही वापरला नाही. त्याचा तिला थोडा आसुरी आनंदही झाला.

आप्पांनी लेख वाचला तेव्हा ते पायरीवर चप्पल काढत होते. एक चप्पल पायातच राहिली.

“हे काय केलंस? सगळी कृती वाटून आलीस तू! आता कोण येईल दुकानात? घरोघरी कढया चढतील! यादवने सुपारी दिली होती का तुला?”

“आप्पा, लोकांना हेच विचारायचं असतं.”

“विचारू दे ना! विचारलं म्हणून सांगायचं असतं का? काढ तो. आत्ताच्या आत्ता काढ.”

तृप्ती मोबाईल घ्यायला वळली. तिला रडू येत होतं आणि रागही, आणि दोन्ही दाखवायचं नव्हतं. तेवढ्यात जेवणाच्या ताटावरून आवाज आला.

“राहू द्या,” चंदन म्हणाला.

घरात असं काही ऐकायची कोणाला सवय नव्हती. सासूबाईंचा भाताचा चमचा हवेतच राहिला.

“मीच सांगितलं तिला,” तो ताटाकडेच बघत पुढे म्हणाला. “आणि मी पण एवढी वर्षं तळतोय, तरी दिवसातून एखादा घाणा बिघडतो. एका लेखाने लोक काय शिकणार आहेत? राहू द्या.”

आप्पांनी आळीपाळीने दोघांकडे बघितलं. मुलगा आपल्या बाजूने बोलला की विरुद्ध, हे त्यांना नीटसं ठरवता येईना. म्हणून त्यांनी दुसरी चप्पलही काढली आणि हात धुवायला गेले.

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. ऑर्डरचे नव्हेत, तक्रारींचे. भुसावळहून एका बाईंचे वेफर्स एकमेकांना चिकटले होते. अकोल्याच्या एका गृहस्थांनी पाणी जरा जास्तच शिंपडलं होतं आणि आता ते ओट्यापासून लांब उभे राहून बोलत होते. आप्पा आधी खवळले. “हॅलो, हे दुकान आहे, शाळा नव्हे!” पण हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की समोरचा माणूस त्यांना ‘काका’ म्हणतोय, त्यांना विचारतोय आणि त्यांचं शेवटपर्यंत ऐकतोय. बळेच धरून न ठेवताही ऐकणारा माणूस आप्पांना आयुष्यात प्रथमच मिळत होता. आठवड्याभरात ते असे काही बोलू लागले, की कढईचा शोध त्यांनीच लावला असावा.

“केळी कडक पाहिजे, ताई. दाबली तर नख लागलं नाही पाहिजे,” ते डोळे मिटून सांगायचे. अडलं की फोनवर हात ठेवून आत ओरडायचे, “तृप्ती! साबुदाणावडे तळलेल्या तेलात तळले तर चालतात का विचारतायत!”

“एकदा वापरलेल्या तेलात नको म्हणावं.”

“नको!” आप्पा फोनमध्ये ठणकावून सांगायचे. “माझा अनुभव आहे.”

नागपूरच्या रंजिता नावाच्या बाईंनी एकाच आठवड्यात तीनदा फोन केला. पहिल्यांदा वेफर्स काळे झाले होते. दुसऱ्यांदा जाडे झाले होते, खाल्ले तर दाढ दुखत होती. तिसऱ्यांदा चांगले झाले, पण सगळा घाणा नवऱ्याने उभ्या उभ्या संपवला आणि ओटा, भिंत, किसणी, सगळं तेलकट झालं होतं.

“आता पुढचा घाणा कसा करू, सांगा ना काका,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी पुन्हा भिंतीकडे बघितलं असावं. “जाऊ द्या हो. तुम्हीच दोन किलो पाठवता का? आणि माझ्या जाऊबाईंना पण पाठवा, त्यांनी तर कढईच जाळलीय.”

आप्पांनी पत्ता लिहून घेतला आणि फोन ठेवल्यावर तो पुन्हा दोनदा वाचून बघितला.

तेव्हापासून पार्सलं जाऊ लागली. फार नाही, ट्रक भरून वगैरे काही गेला नाही. पण नागपूर, जळगाव, अकोला अशी गावांची नावं चिकटवलेले खोके दुकानाच्या पायरीवर दिसू लागले, आणि आप्पा ते मुद्दाम दुपारपर्यंत तिथेच ठेवू लागले, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांना ठेचकाळता यावं.

त्यातच निलेश यादव सेठकडे लागल्याची बातमी आली. तिथे त्याने पहिलं काम हे केलं की तृप्तीचा लेख जसाच्या तसा उचलून यादवच्या वेबसाईटवर चिकटवला. फोड, कोरफड, सगळं. आप्पा काठी घेऊन निघालेच होते, तेवढ्यात फोन वाजला. बडनेऱ्याहून एक जण विचारत होते, “यादव सेठ का?” निलेशने लेख शेवटच्या ओळीपर्यंत प्रामाणिकपणे उचलला होता आणि शेवटच्या ओळीत नंबर आप्पांचा होता. आप्पांनी काठी कोपऱ्यात ठेवली.

“त्यांचेच शेजारी बोलतोय,” ते मधाळ आवाजात म्हणाले. “सांगा, किती पाठवू?”

हे पंधरवडाभर चाललं. यादव सेठला कळलं तेव्हा निलेश तिथूनही निघाला. सध्या तो ‘स्वतःचं काहीतरी’ करतोय असं ऐकायला मिळतं.

यानंतर समाजाच्या एका साखरपुड्यात आप्पांना चार लोकांनी घेरलं. तृप्ती पलीकडेच ताटं वाढत होती. “आप्पा, लेख झकास लिहिलाय तुम्ही,” कोणीतरी म्हणालं. आप्पांनी नम्रपणे मान खाली घातली. “लिहायला बसलो की सुचतं,” ते म्हणाले. “हातावर तेलसुद्धा उडालं होतं तेव्हा.”

तृप्तीच्या मनगटावर फोडाचा डाग अजून होता, आणि त्याच हाताने तिने आप्पांच्या पंगतीला जिलेबी वाढली. घरी आल्यावर मात्र तिने लुगड्याच्या घड्या घालणाऱ्या सासूबाईंच्या समोरच विषय काढला.

“आप्पा, पुढचा लेख तयार आहे. पण त्याच्या खाली माझं नाव येईल.”

“घरचंच तर आहे सगळं,” आप्पा म्हणाले. “नाव कशाला वेगळं? दुकानावर काय चंदनचं नाव आहे?”

“पहिल्या पाच लेखांत तुमचं नाव प्रत्येक ओळीत होतं. मी एकदाच मागतेय. तेही सगळ्यात खाली.”

“लोक काय म्हणतील? सुनेकडून लिहून घेतो म्हणतील.”

“घेता की नाही?”

सासूबाईंनी घडी घालणं थांबवलं. “घेताच की,” त्या म्हणाल्या. आप्पांनी त्यांच्याकडे असं बघितलं, जणू विचारत होते की या घरात आता कोणाकोणाला वाचा फुटायची राहिली आहे.

तो लेख तसाच पडून राहिला. तृप्तीने भांडण केलं नाही, अबोला धरला नाही. डबा वेळेवर जात होता, गॅसवाल्याला फोन जात होता. फक्त दुपारी दुकानात “तृप्ती! आंब्याच्या लोणच्याजवळ ठेवले तर वास लागेल का विचारतात!” अशी हाक आली की ती म्हणायची, “तुमच्या अनुभवाने सांगा ना.” आप्पांनी अनुभवाने एक-दोन उत्तरं दिली. त्यातल्या एका उत्तरावर परभणीच्या बाईंनी पुन्हा फोन करून आप्पांना जे सांगितलं, ते त्यांनी घरी कोणालाच सांगितलं नाही.

अखेर एका सकाळी चहा पिताना त्यांनी तोडगा काढला. “नाव टाक तुझं,” ते म्हणाले. “पण माझंही पाहिजे. लेखन : तृप्ती महाजन. मार्गदर्शन : हिरामण महाजन.”

तृप्तीने विचार केला. निलेशच्या काळात आप्पा वादळ होते, आता मार्गदर्शनावर आले होते. म्हणजे वारा बराच पडला होता. “चालेल,” ती म्हणाली. “पण ते बारीक अक्षरात.”

लेख त्याच दिवशी गेला : ‘केळीचे वेफर्स कोणी खाऊ नयेत?’ लेखाचा मथळा वाचून मार्गदर्शकांना घाम फुटला. वेफर्सवाल्यानेच सांगायचं कोणी खाऊ नये? रक्तदाब असलेल्यांनी जपून खा, लहान बाळांना देऊ नका, आणि केसांसाठी तर अजिबात खाऊ नका, त्याचा काही उपयोग नाही, असं त्यात सरळ लिहिलं होतं. केसांबद्दल बोलायची आप्पांची इच्छा केव्हाच मेली होती.

संध्याकाळी घरी टीव्ही चालू असताना फोन वाजला. आप्पांनी घसा साफ केला, पाठ ताठ केली आणि उचलला. “हां, बोला ताई, हिरामण महाजन बोलतोय. मार्गदर्शन...”

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. आप्पांचा चेहरा जरा उतरला.

“आहे ना. आहे, घरीच आहे,” ते म्हणाले आणि फोन तृप्तीसमोर धरला. “तुझा आहे. तृप्तीताई हवीय म्हणे.”

तृप्तीने पदराला हात पुसला आणि फोन घेतला. आप्पांनी रिमोट शोधला, आणि ती काय सांगते ते ऐकू यावं म्हणून टीव्हीचा आवाज बंद केला.